काळ्या दोऱ्याचं लुगडं

शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

आणि वरतून पियूष म्हणते, "मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" अरे, कपडे धुवाले कोणी सांगावं लागते काय? पेटी उघडली, कपडा घामट निघाला, तर मी काय त्याची आरती करू? चौदा जोड. दोन दिवस पाटावर बसून, रिठे उकळून, एकेक हातानं धुतला, सावलीत वाळवला, उलट्या अंगानं इस्तरी केली. कमर अजून सरळ झाली नाही. आणि हा पियूष, ज्याच्या ओल्या चड्ड्या मी राणीच्या शालूशेजारी वाळू घातल्या, तो आज मले धुणं शिकवते!

बिजली श्रावणात मेली. लोकायसाठी ती मधुवंती. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मैदानातल्या नाटकापासून मुंबईच्या सिनेमापर्यंत गेली, म्हातारपणी टीव्हीत खाष्ट सासू झाली, पेपरात पहिल्या पानावर मेली. माह्यासाठी बिजली. तिले लेकरूबाळ नाही. भाचा पियूष तिचं सगळं सामान लिलावात काढून राह्यला. नाटकातले कपडे, मुकुट, तलवारी, पोस्टरं, तिनं काढलेली चित्रं (गाय आहे का पाण्याचा बंब, ते तिलेच माहीत). नागपूरच्या मोठ्या हॉटेलात, १७ डिसेंबरले. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापसाच्या गाठी ठेवायचं एक रिकामं शेड त्यानं भाड्यानं घेतलं, सगळं तठी आणून टाकलं आणि मले बोलावलं. नऊ वर्सं त्या बाईसोबत नाटक कंपनीत मी कपडेपट सांभाळला. कोणता कपडा कोणत्या नाटकातला, हे आता जित्या माणसात मलेच ठाऊक.

तर आज मुंबईची मिताली मॅडम आली. लिलाव तीच करणार. हातात पांढरे मोजे, जसं काही बाळंतपण करायचं आहे. एक झंपर उचलला, नाकाशी नेला आणि तोंड एवढंसं झालं.

"चंदाताई, याला रिठ्याचा वास येतोय."

"मंग काय शेणाचा यावा?"

तवा समजलं. मोठे लोक म्हणे घामाचेच पैसे देतात. काखेतला डाग, गळ्यावरचा रंगाचा थर, हाच पुरावा की कपडा तिनं अंगात घातला होता. मी पुरावा धुऊन दोरीवर टाकला.

घरी येऊन हुस्नाबीजवळ तोंड सोडलं. ती शेजारीण, वीस वर्सांपासून एकच भिंत आमची. तिनं ही डायरी आणून देली, बियाण्याच्या कंपनीची, फुकटची. "इसमें लिख, चंदा. नहीं तो तू उस लडके को मार डालेगी." चौथीपर्यंत शिकली मी, पण लिहिता येते. हर पानावर फुटलेल्या बोंडाचं चित्र आणि खाली शेतीचा सल्ला. आजचा सल्ला: वेचणी दव सुकल्यावर करावी. म्हणजे धुणं-वाळवणं यायलेही समजते, पियूषलेच समजत नाही.


मंगळवार, २१ नोव्हेंबर

अजून एक गुन्हा सापडला माहा. धुताना मी दोरेही उसवले.

मितालीले समजावून सांगता सांगता जीभ दुखली, म्हणून लिहून ठेवते. आमच्या कंपनीत चार पेट्या कपडे. ऐन वक्तावर लाइट जाते, नट पेटीत हात घालते, हाती लागन ते चढवते. एकदा राक्षस घागरा घालून गेला. म्हणून बापूजीनं, म्हणजे कंपनीच्या मालकानं, पद्धत लावली. कपड्याच्या आतून, पदराच्या नाहीतर गळ्याच्या टोकाले, फुलीचा टाका. लाल दोरा नायिकेचा. निळा खलनायकाचा. पिवळा देवायचा. आणि काळा म्हणजे गावातून मागून आणलेलं, परत द्यायचं. गावोगाव आम्ही असंच मागत होतो, कोणाची पैठणी, कोणाचा फेटा. प्रयोग झाला की काळा दोरा उसवायचा, घडी करायची, ज्याचं त्याले नेऊन द्यायचं. दसऱ्याले पेट्यायची पूजा. तवा पेटीत काळ्या दोऱ्याचा कपडा निघाला तर बापूजी मले सगळ्यायसमोर झापत. आणि नाहीच देता आला, तर जुना दोरा काढून त्या दिवशी नवा काळा दोरा घालायचा. जुना दोन-तीन वर्सात तांबूस पडते. "देवीला कळू दे, चंदा, की आपण विसरलो नाही."

"आणि या चौदा कपड्यांचे लाल दोरे?" मिताली.

"काढले ना. नव्या मालकाकडं जाताना जुनी खूण कायले?"

ती बाई खालीच बसली. फरशीवर. चांगल्या पँटीनं.

मंग शालू काढला तिनं, राणीचा. त्याले मी अजून पाणी लावलं नव्हतं, म्हणून खुशीत आली. "हा तरी ओरिजिनल आहे ना?"

"एकदम. काठ मी ८१ साली बदलला. अंग ८४ साली उंदरानं खाल्लं, तवा नवं जोडलं. पदर आर्णीच्या पटात बत्तीनं जळला, तो ८६चा."

"मग मूळचं काय राहिलं?"

"नाव."

तिनं विचारलं, मधुवंतीबाईंच्या हातचा एखादा टाका कुठं असेल का? त्याले किंमत येईल. मले हसूच आलं. बिजलीले सुईत दोरा ओवता येत नव्हता! एकदा घाईत राजाच्या अंगरख्याले बटन लावाले बसली, तर अंगरखा स्वतःच्या परकराले शिवून मोकळी. दोघं तसेच गेले स्टेजवर, एकमेकायले चिकटून. लोकायले वाटलं प्रेम आहे. टाळ्या पडल्या.


शुक्रवार, २४ नोव्हेंबर

शेडवर जायले दीड तास लागला. कापसाच्या गाड्या दोन्ही बाजूनं उभ्या. हुस्नाबीच्या नवऱ्याचा, रहमतभाईचा ऑटो. तो म्हणे, "भाभी, खरेदी बंद है, ये सब परसों से खडे हैं." माणसं कापसावरच जेवून राह्यले, कापसावरच झोपून राह्यले.

एक गाडीवाला पाणी मागाले शेडमधी आला. पोस्टर पाहिलं आणि पायातल्या चपला काढल्या. "हे तर मधुवंती! आमच्या पटात इच्यासाठी मी झाडावर बसलतो." मंग चहूकडं पाहिलं. "हे सगळं कोण घेते?"

"मोठे लोक."

"घालते?"

"नाही. काचेत ठेवते."

"मंग आमचा कापूसही ठेवा म्हणा काचेत. रांग तरी सरन." तांब्याभर पाणी प्यायला, चपला हातात घेऊनच गेला.


गुरुवार, ३० नोव्हेंबर

लिलावाचं पुस्तक छापून आलं. गुळगुळीत, जाड, इंग्रजी-मराठी दोन्ही. पियूषनं खुशीनं हातात देलं. "मावशी, बघा तरी."

वरच्याच पानावर माह्या मायचं लुगडं.

मी बसली. कोणाच्या तरी मुकुटावर बसली, ते नंतर समजलं.

जांभळं, लाल काठाचं, सुती नऊवार. पोटाजवळ घासून पांढरा पडलेला पट्टा, जठी वेचणारी बाई कापसाची ओटी बांधते. पाठीवर घामाचे डाग. आणि खाली लिहिलं आहे: 'वेचणारीची लेक' या गाजलेल्या नाटकातील पोशाख. भूमिकेच्या तयारीसाठी मधुवंती यांनी स्वतः हे लुगडं नेसून महिनाभर कापूस वेचला. त्यांच्या श्रमाचे आणि घामाचे डाग आजही स्पष्ट दिसतात. बोली दीड लाखापासून पुढं.

बिजलीनं! कापूस वेचला! त्या बाईनं कधी भाजी वेचून नाही घेतली बाजारातून.

पियूष काय म्हणते? "मावशी, बाकीचं तर तुम्ही धुतलं. आता हाच एक लॉट आहे ज्याच्यावर सगळं उभं आहे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय नागपूरला." तो हे असं म्हणून राह्यला, जसं मी त्याले शाबासकी द्यावी.

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि घरचा रस्ता धरला.


शुक्रवार, १ डिसेंबर

आज शेडवर गेली नाही. माह्या फॉल-पिकोच्या दुकानात तीन साड्या पडल्या होत्या, त्याही नाही केल्या. लिहूनच काढते एकदाचं.

७९ साल. दिग्रसजवळचा पट. 'वेचणारीची लेक'चा पहिलाच प्रयोग. आमच्या पेट्यायची गाडी नाल्यात फसली. राणीच्या नाटकाची पेटी तेवढी आली, हिची नाही. माही माय जवळच्याच गावची. दिवसभर वेचणी करून तशीच आली होती लेकीचं काम पाहाले, ओटीचा कापूसही झाडला नव्हता. बिजलीनं तिले पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि म्हणाली, "माय, तुहं लुगडं दे."

मायनं देलं. तिले नेसाले दुसरं काय होतं? पेटीतला राणीचा शालू. तो नेसून माय बायायमधी बसली, जरीकाठाचा पदर डोक्यावर. लोक सरकून जागा देऊ लागले. पाटलीणबाईनं तर पान देलं तिले. आणि समोर बिजली माह्या मायचं लुगडं नेसून, मायसारखी वाकून, मायसारखा कमरेवर हात ठेवून उभी. मैदानात कोणी खोकलं नाही. मी मायकडं पाहिलं, तर ती शालूच्या पदरानं डोळे पुसून राह्यली होती. जरीनं डोळे पुसतात काय? गाल खरचटला तिचा.

दुसऱ्या दिवशी मायनं शालू घडी करून देला. लुगडं राह्यलं. बिजली म्हणे, "माय, पुढल्या मुक्कामावर देतो." मी त्याच दिवशी पदराले काळा दोरा घातला. दरसाल दसऱ्याले नवा घालत होती, नऊ वर्सं. ते एकच लुगडं मी कधी धुतलं नाही. बिजली म्हणे पाणी लावू नको, याच्या वासाशिवाय मले ते काम येत नाही. आणि मलेही धुवावं वाटलं नाही, मायचा वास होता. आता नऊ वर्सात त्यात बिजलीचाही घाम मुरला असन. कोण वेगळा करणार?

८८मधी माय गेली. उमरखेडले मुक्काम होता. मी म्हटलं, बिजले, लुगडं दे, मायच्या अंगावर घालते. ती रंग लावून बसली होती. म्हणाली, "आजचा प्रयोग होऊ दे, चंदे. सकाळीच ने." मढं सकाळपर्यंत थांबते काय? मी चारही पेट्यायच्या चाव्या तिच्या आरशासमोर आपटल्या आणि एसटी धरली. मायले कोरं पांढरं घालून नेलं. त्यानंतर बिजलीचं तोंड पाहिलं नाही.

म्हणजे पाहिलं एकदा. ९६ साल असन, दसरा झाल्यावर. मोटार घेऊन दारात आली, काखेत गाठोडं. म्हटलं, आता मोठी झाली, फॉल-पिकोचं काम टाकाले आली माह्याकडं. मी आतून कडी लावली. हुस्नाबीले म्हटलं, सांग घरी नाही म्हणून. बराच वेळ उभी होती. पोट्ट्यायनं सही घेतली तिची. मंग गेली.


सोमवार, ४ डिसेंबर

पियूषले सांगतलं. साफ सांगतलं. ते लुगडं माह्या मायचं आहे, लिलावातून काढ आणि मले दे.

आधी हसला. मंग दार लावून घेतलं. "मावशी, पुरावा?"

"मीच पुरावा."

"तुम्ही पुरावे धुता." लेकाचा तोंडानं बिजलीवरच गेला. मंग गोड बोलाले लागला. "हे बघा, त्या लुगड्याची गोष्ट लोकांना आवडलीय. मोठ्या हिरोइनीनं महिनाभर मजुरी केली, याला लोक बोली लावतात. दुसऱ्या कोणाचं लुगडं म्हटलं तर बोली कोण लावणार? तुम्हाला शालू देतो ना राणीचा. घेऊन जा."

"तो माहाच आहे," मी म्हटलं. "इंचन् इंच मी जोडला. तो तू मले काय देशीन?"

"मावशी, चादरीसारखं जुनं लुगडं आहे. तुम्ही काय करणार त्याचं?"

"धुईन," म्हटलं.

ते ऐकून त्याचं तोंड पाहाले पाहिजे होतं.


गुरुवार, ७ डिसेंबर

आज पियूष नव्हता. मिताली मॅडम होती. तिले मी काळ्या दोऱ्याचं पुन्हा विचारलं. म्हटलं, पुस्तकात पदराचं टोक दुमडलेलं आहे, उलटं करून पाहिलं काय कोणी?

तिनं कंप्युटर उघडला. नागपूरले लुगड्याचे पंचवीस-तीस फोटो काढले आहेत तिनं, सगळ्या बाजूनं. पदराचं टोक मोठं करून दाखवलं.

काळी फुली. आहे.

"म्हणजे हे परत द्यायचं होतं," मिताली स्वतःशीच बोलल्यासारखी.

"तेच मी चार दिवसांपासून बोंबलून राह्यली."

पण मले त्यात एक खोट दिसली, आणि मी खोट सोडत नाही. दोरा काळाकुट्ट आहे. माहा शेवटचा दोरा ८७च्या दसऱ्याचा. एकोणीस वर्सं झाली, तो एव्हाना तांबूस होऊन गळून पडाले पाहिजे. हा यंदाचा नाहीतर गेल्या सालचा आहे. आणि टाका! माय वो, काय टाका आहे! एक पाय लांब, एक आखूड, मधात गुंता, मागच्या अंगानं भोकं. बारीक बारीक भोकं, खूप. मितालीनं मोजली, म्हणाली एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई गेलीय, दरवर्षी कोणीतरी काढून नवा घातला असेल का?

"कोण घालन?" म्हटलं. "बापूजी मेले नव्वदमधी. पेटीपूजा करणारं कोण उरलं?"

"बाईंचं घर तर एकटीचंच होतं ना?"

"पियूषच्या बायकोनं केलं असन. आजकालच्या पोरीयले टाका येत नाही."

मितालीनं माह्याकडं पाहिलं आणि मोजे काढून ठेवले. म्हणाली, "चंदाताई, मी मालक नाही, मी काढून देऊ शकत नाही. पण चौदा तारखेला यादी पक्की होते. त्याच्या आत तुम्ही लेखी दावा दिलात, तर त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला तो लॉट मांडता येणार नाही. आणि ती महिनाभर वेचणीची गोष्ट मी छापायला नको होती. विचारायला हवं होतं."

"कोणाले?"

"तुम्हाला."

बरी आहे पोरगी. नाक तेवढं कमी खुपसावं कपड्यात.


शनिवार, ९ डिसेंबर

हुस्नाबीले फोटोचं सांगतलं. भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "चंदा, वो गठरी जो लेके आयी थी..."

"तू भाकर पाह्य, करपून राह्यली."

"मैं बोली थी तेरेकू, दरवाजा खोल."

"करपली ना!"

भाकर करपली नव्हती. पण मले तिच्याघरून उठायचं होतं, उठली.


रविवार, १० डिसेंबर

उद्या पोष्टानं पाठवायचं पत्र. आधी इथं लिहून पाहते, मंग कोऱ्या कागदावर उतरवते. एक पियूषले, एक मितालीले, दोन्ही रजिस्टर.

चि. पियूष,

तुह्या लिलावाच्या पुस्तकावर जे लुगडं आहे, ते माह्या मायचं, कौतिकाबाईचं आहे. दिग्रसच्या पटात ७९ साली एका रात्रीपुरतं मागून घेतलं होतं. पदराच्या टोकाले काळा दोरा आहे. आमच्या कंपनीत काळा दोरा म्हणजे परत द्यायचं. हे तुह्या बिजलीमावशीलेही पाठ होतं. मितालीबाईकडं फोटो आहे, डोळे असतील तर पाह्य.

तू म्हणतो त्यावर सगळा लिलाव उभा आहे. मी बाकीचं धुतलं, हे खरं आहे. ती माही चूक. पण माही चूक झाकाले माह्या मायले विकू नको. बिजलीनं कापूस वेचला असं जे छापलं, ते खोडून टाक. तिनं नाही वेचला. माह्या मायनं वेचला, चाळीस वर्सं, आणि बिजलीनं एका रात्रीत तिची नक्कल अशी केली की मायले स्वतःचंच रडू आलं. हे लिही. हे दीड लाखाचं आहे. घाम कोणाचा, तर पाठीचा मायचा, आणि गळ्याजवळ पिवळट रंग लागला असन तर तो बिजलीचा. तो मी ओळखते, मीच कालवत होती.

शालू नको. शालू वीक. काचेत ठेवणाऱ्याले सांग, ८४ साली उंदरानं खाल्लेला आहे म्हणून.

लुगडं आलं की मी धुणार नाही. तशी भीती ठेवू नको.

आणि एक. तो दोरा कोणी घातला ते विचारून लिही. तुह्या बायकोले विचार, बिजलीच्या घरी काम करणारीले विचार, दवाखान्यात तिच्यासोबत कोण होतं त्याले विचार. मले तर्क नको. दरसाल दसऱ्याले ती पेटी कोण उघडत होतं, आणि सुईत दोरा कोण ओवून देत होतं, की तिचं तीच करत होती. परत द्यायचं म्हणून एवढ्या वेळा टाका घातला, तर मंग दारात येऊन हाका मारता येत नव्हत्या काय? नुसतं उभं राहून समजते काय कोणाले? कडी आतून होती, पण हाक बाहेरून मारता येते.

हो का नाही, आणि कोण, या दोन्हीचं उत्तर मले गुरुवारी, १४ तारखेले, दुपारच्या टपालापर्यंत पाहिजे. पोस्टमन आमच्या गल्लीत दोन वाजता येते. त्या दिवशी मी दार उघडं ठेवून बसीन.

चंदाबाई
फॉल-पिको सेंटर, यवतमाळ